लाइम रीजिसच्या कड्याखाली इक्थिओसॉरची हाडं: काय उचलावं, काय हलवू नये आणि घरी आणलेलं कसं टिकवावं

प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये राहणारं एक मराठी कुटुंब मुलांना घेऊन डॉर्सेटच्या किनाऱ्यावर, लाइम रीजिस आणि चारमथला निघालं आहे. जागा जागतिक वारसा आहे, शिवाय कायद्याने संरक्षित आहे. मग तिथून जीवाश्म उचलणं बरोबर आहे का? इक्थिओसॉरसारख्या नामशेष समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडं ओळखायची कशी? आणि सापडलंच काही, तर घरी नीट राहील का?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर किनाऱ्यावर सुटं पडलेलं उचला, कड्याला हात लावू नका, आणि एकाहून जास्त हाडं एकत्र दिसली की हात मागे घेऊन फोटो काढा. पण या तीन वाक्यांमागचं कारण समजलं नाही, तर ऐन वेळी चुकीचा निर्णय होतो. म्हणून थोडं सविस्तर.

हा किनारा संरक्षित आहे तो कडा जसाच्या तसा राहावा म्हणून नाही, तर कडा कोसळत राहावा म्हणून. डॉर्सेट आणि पूर्व डेव्हनच्या किनाऱ्याचा सुमारे 155 किलोमीटरचा पट्टा 2001 मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. पश्चिम डॉर्सेटचे हे कडे त्याआधीपासूनच विशेष वैज्ञानिक महत्त्वाचं स्थळ म्हणून 1981 च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याखाली येतात. लाइम आणि चारमथच्या मधला खडक म्हणजे सुमारे 20 कोटी ते 19 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ. खाली चुनखडी आणि शेल (पातळ थरांत सुटणारा चिखलाचा दगड) यांचे आलटून-पालटून थर, म्हणजे ब्लू लायस. त्यावर काळपट, भुसभुशीत चिखलखडकाची जाडी. हिवाळ्यात पाऊस मुरला की हा चिखलखडक घसरतो, खालून समुद्र त्याचा पाया खातो, आणि आत दडलेला सांगाडा उघडा पडतो. उघडं पडलेलं हाड कुणी उचललं नाही, तर काही भरत्यांतच त्याचा चुरा होतो. म्हणजे इथे जीवाश्म जागेवर सोडून देणं हे त्याचं रक्षण नव्हे. याच कारणाने भूवारसा जपणारी माणसं अशा किनाऱ्यावर काँक्रीटची भिंत घालायला विरोध करतात: भिंत आली की झीज थांबते, आणि झीज थांबली की नवं काही दिसायचंच बंद होतं. लाइम गावासमोर घरं वाचवण्यासाठी भिंत बांधावी लागली, ते समजण्यासारखं आहे. पण चारमथच्या बाजूला कडा मोकळा ठेवला आहे तो मुद्दाम.

सगळ्या संरक्षित जागांना हाच नियम लावू नका. जर्मनीतल्या होल्त्समाडेनला 1979 पासून उत्खनन-संरक्षित क्षेत्र आहे. तिथली इक्थिओसॉरची हाडं खाणीतल्या पाटीच्या दगडात असतात, समुद्र ती बाहेर काढत नाही. पर्यटकांना दगड फोडायला दिला जातो तो ठरावीक खाणीत, आणि महत्त्वाचं काही निघालं तर कळवावंच लागतं. स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवरचा मोंते सान जॉर्जो (स्विस बाजू 2003 मध्ये, इटलीची बाजू 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत) तर याहून कडक आहे. तिथले थर पातळ आहेत आणि ते संपणारे आहेत, त्यामुळे परवानगी असलेल्या संशोधकांखेरीज कुणी खणत नाही. तिथून एखादा तुकडा खिशात घालणं ही सरळ चोरी ठरते. लाइममध्ये जे चालतं ते त्या कोसळत्या कड्यामुळे चालतं, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर पुढच्या सहलीत ती कुठल्याही डोंगरावर हातोडा चालवतील.

लाइम रीजिसपासून पूर्वेला बर्टन ब्रॅडस्टॉकपर्यंत जीवाश्म गोळा करण्याची एक आचारसंहिता चालते. जमिनीचे मालक, संवर्धन संस्था आणि गोळा करणारे यांनी मिळून ती केली. इंग्लंडच्या कायद्यात जीवाश्म मूळचा जमिनीच्या मालकाचा. या संहितेने मालकांनी किनाऱ्यावरचं सुटं उचलायला मुभा दिली. बदल्यात दोन गोष्टी मागितल्या. कड्यात जागेवर असलेलं काहीही परवानगीशिवाय खणायचं नाही. आणि वैज्ञानिक महत्त्वाचं काही सापडलं, म्हणजे नवी किंवा दुर्मीळ जात, असाधारण टिकलेला नमुना, पाठीच्या कण्याचे प्राणी, तर त्याची नोंद चारमथच्या किनारा वारसा केंद्रात करायची. नोंद झाली की मालकी शोधणाऱ्याकडे येते. विकायचं असेल तर आधी संग्रहालयांना विचारायचं. ही तडजोड सगळ्यांना पटते असं नाही. याच किनाऱ्यावरच्या गोल्डन कॅप कड्याजवळ 2001 मध्ये सापडलेला इक्थिओसॉर आज कॅनडातल्या रॉयल ऑन्टारियो संग्रहालयात आहे. 2025 मध्ये त्याला झिफोड्रॅकॉन गोल्डनकॅपेन्सिस हे नाव मिळालं. नमुना देशाबाहेर गेला, पण सार्वजनिक संग्रहालयात गेला आणि अभ्यासला गेला. माझ्या मते व्यवहार म्हणून हे ठीक आहे. बंदी घातली असती तर तो समुद्रात विरला असता किंवा कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत गुपचूप पडून राहिला असता.

लाइमच्या पश्चिमेला मॉनमथ बीचवर मात्र वेगळी शिस्त आहे. तिथून पुढे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र सुरू होतं. ओहोटीला उघडी पडणारी अमोनाइटची फरसबंदी, म्हणजे हातभर रुंदीचे शंख जडवलेली चुनखडीची लादी, तिथेच आहे. तिच्यावर हातोडा लावायचा नाही. बघा, फोटो काढा, मुलांना शंखाशेजारी उभं करा, बस.

आता भरती-ओहोटी, कारण इथे माणसं खरोखर अडकतात. लाइम ते चारमथ किनाऱ्याने सुमारे तीन किलोमीटर. मधल्या पट्ट्यात वर चढायला वाट नाही, आणि भरतीला पाणी थेट कड्याच्या पायथ्याला लागतं. ओहोटीची नीचतम वेळ पाहा, तिच्या साधारण दोन तास आधी निघा, आणि पाणी पुन्हा चढू लागण्याआधी परतीला लागा. दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांच्या आत-बाहेर अंतर असतं, म्हणून आजची वेळ उद्या चालत नाही. छापील तक्त्यात वेळ ग्रीनिचची असेल तर उन्हाळ्यात एक तास मिळवावा लागतो. हे विसरलं तर सगळा हिशेब तासाने चुकतो. वारा समुद्राकडून जोराचा असेल तर तक्त्यात दिलंय त्यापेक्षा पाणी लवकर वर येतं. अशा दिवशी चारमथच्या नदीच्या तोंडापासून लांब जाऊच नका.

कड्यापासून अंतर ठेवा. 2008 च्या मे महिन्यात लाइम आणि चारमथच्या मधला सुमारे 400 मीटरचा भाग एका रात्रीत खाली आला. 2012 मध्ये बर्टन ब्रॅडस्टॉकला कडा कोसळून किनाऱ्यावर चालणारी एक तरुणी दगावली. डोक्यावर हेल्मेट असलं तरी अशा दरडीपुढे ते काही कामाचं नाही. पाऊस थांबल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त धोक्याचे, कारण पाणी मुरायला वेळ लागतो. दुसरा धोका पायाखालचा: लाइम आणि चारमथच्या मधल्या ब्लॅक व्हेन या कड्याच्या पायथ्याशी उतरलेले चिखलाचे लोट वरून वाळलेले दिसतात, आत गुडघ्यापेक्षा खोल ओले असतात. त्यांच्यावरून आडवं जाऊ नका, पाण्याच्या बाजूने वळसा घाला. अडकलात तर जोर लावून पाय ओढण्याने माणूस आणखी रुततो. मागे रेलून वजन पसरवा आणि 999 ला फोन करून कोस्टगार्ड मागा. तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: लाइमलगतच्या स्पिटल्स नावाच्या कड्याच्या भागात गावाचा जुना कचराडेपो दरडीबरोबर खाली आला आहे. काच, गंजके पत्रे, चिनी मातीचे तुकडे गोट्यांत मिसळलेले असतात. मुलांना हातमोजे आणि जाड तळव्याचे बूट हवेतच.

जायचं कधी? नोव्हेंबर ते एप्रिल, वादळ होऊन गेल्यानंतरच्या शांत दिवशी. वादळाने वाळू ओढून नेलेली असते आणि खालचे गोटे उघडे पडलेले असतात. ऑगस्टमध्ये हजारो डोळे तोच पट्टा चाळत असतात. तेव्हा काही मिळणार नाही असं नाही, पण फार आशा ठेवू नका.

शोधायचं कुठे, यावर बहुतेक नवखे लोक चुकतात. ते कड्याकडे जातात. कड्याखाली जीव धोक्यात असतो, आणि तिथे सगळं चिखलाने माखलेलं असल्याने दिसतही काही नाही. समुद्र धुऊन आणि निवडून देतो ते पाण्याच्या कडेला. पायराइटचे छोटे सोनेरी-करडे अमोनाइट वजनाला जड. पायराइटची घनता पाण्याच्या पाचपट, साध्या गोट्याची अडीचपटीच्या आसपास. त्यामुळे लाट त्यांना इतर जड वस्तूंबरोबर एका ओळीत आणून टाकते. गोट्यांत गंजके खिळे किंवा पायराइटचे बेढब गोळे एकत्र दिसले की तिथेच बसा आणि हाताने वरचा थर बाजूला करत जा. चालत चालत शोधणाऱ्यापेक्षा एका जागी अर्धा तास बसणाऱ्या मुलाला जास्त मिळतं.

हाडांसाठी नजर वेगळी लागते. लायसमधलं हाड काळं ते गडद तपकिरी, बाहेरून गुळगुळीत आणि किंचित चमकदार. तुटलेल्या बाजूला भिंग लावा: आत स्पंजासारखी बारीक जाळी दिसली तर हाड. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग या एका कामासाठी विकत घ्यावं इतकं महत्त्वाचं आहे. फसवणाऱ्या गोष्टी तीन. जीवाश्म लाकूड काळं असतं, पण त्यात जाळीऐवजी एका दिशेने जाणारे धागे दिसतात. तंतुमय कॅल्साइटचे पट्टे, ज्यांना तिथले लोक ‘बीफ’ म्हणतात, त्यांत तंतू थराला काटकोनात उभे असतात. आणि भट्टीतली धातुमळी (स्लॅग): तिच्यात छिद्रं असतात, पण ती गोल, लहानमोठी आणि वेडीवाकडी, हाडाची जाळी मात्र सलग.

सर्वांत जास्त मिळतो तो इक्थिओसॉरचा मणका. कॅरमची सोंगटी दोन्ही बाजूंनी मधोमध दाबून खोलगट करावी तसा तो दिसतो. बोटाच्या पेरापासून तळहाताएवढ्या रुंदीपर्यंत सापडतो. वर चेतारज्जूची कमान बसायची, तिची खूण म्हणजे मधली उथळ खाच आणि तिच्या दोन बाजूंचे उंचवटे. ही कमान मणक्याला पक्की जोडलेली नसते, म्हणून किनाऱ्यावर चकती एकटीच मिळते. आता बाजूला बघा. दोन्ही कडांना फासळीसाठी दोन-दोन उंचवटे असतील तर मणका धडाचा. एकेकच असेल तर शेपटीचा. आणि दोन असलेल्यांतही ते जितके खाली सरकलेले, तितका मणका मागचा. एका मिनिटात मुलाला सांगता येतं की हा तुकडा प्राण्याच्या कुठल्या भागातला.

प्लेसिओसॉर, म्हणजे त्याच समुद्रातला लांब मानेचा दुसरा सरपटणारा प्राणी, त्याचा मणका वेगळा. तो चकतीपेक्षा लांबट, दोऱ्याच्या रिळाच्या आकाराकडे झुकणारा. टोकं जवळजवळ सपाट, आणि खालच्या अंगाला दोन बारीक छिद्रं शेजारी-शेजारी. ही दोन छिद्रं दिसली की शंका ठेवू नका. दातांतही फरक आहे: इक्थिओसॉरचा दात शंकूसारखा, बुंध्याशी उभ्या घड्या पडलेला, कारण तो जबड्यातल्या लांब खाचेत बसायचा. प्लेसिओसॉरचे दात सुया-सुयांसारखे लांब, थोडे वाकलेले, प्रत्येक स्वतंत्र खोबणीत. इक्थिओसॉरच्या वल्ह्याची बोटं म्हणजे गोलसर किंवा षट्कोनी चपटी हाडं, एकमेकांना चिकटून बसणारी. सुटी मिळाली तर बहुतेक लोक ती गोटा समजून सोडून देतात. करड्या रंगाचे, टोकाला निमुळते, कधी पिळदार गोळे दिसले आणि त्यांत काळ्या चकचकीत माशांच्या खवल्या असल्या, तर ती त्या प्राण्यांची विष्ठा आहे. जीवाश्मच, आणि अभ्यासाला फार उपयोगी: त्यांचं जेवण काय होतं ते यातूनच कळतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर डायनोसॉर नाहीत. समुद्रात परतलेल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या त्या वेगळ्या शाखा. चारमथच्या खडकात डायनोसॉरही मिळाला आहे, 1858 च्या सुमारास, नाव सेलिडोसॉरस. पण तो जमिनीवरचा. वाहून समुद्रात आला आणि तळाच्या चिखलात रुतला.

आता खरा कसोटीचा क्षण: दोन-चार मणके ओळीने दिसले, किंवा एका लादीत फासळ्यांचा जुडगा. सांगाडा इथे असण्याची शक्यता आहे. अशा वेळी हातोडा काढणं म्हणजे सगळ्यात वाईट काम. शेल आणि हाड यांचा कठीणपणा सारखा नसतो, घाव हाडातूनच जातो आणि तुकड्यांची ओळ मोडते. आधी फोटो: एक लांबून, कड्यावरची एखादी ठळक खूण येईल असा. एक मधल्या अंतरावरून. एक अगदी जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपा. हाडं खडकात जागेवर आहेत की सुट्या दगडात, हे लिहा. मग चारमथच्या केंद्राला कळवा. ते किनाऱ्यावरच, जुन्या सिमेंट कारखान्याच्या इमारतीत आहे, आणि तिथल्या माणसांना अशा बातमीचा कंटाळा येत नाही.

पण भरती चढते आहे आणि हाडं सुट्या दगडात आहेत, तर? तेव्हा दगड न फोडता, अख्खा, भरतीच्या रेषेच्या वर सरकवा. सुटे तुकडे पडले असतील तर भोवतालच्या हातभर जागेतले सगळे गोळा करा, न ओळखणारेही, आणि एकाच पिशवीत ठेवा. नंतर कुठल्या तुकड्याची कड कुठे बसते हे तज्ज्ञ जुळवतील. पण निम्मे तुकडे तुमच्याकडे आणि निम्मे दुसऱ्याकडे गेले तर ते काम कधीच होत नाही. जागेवर असलेला सांगाडा मात्र भरती आली तरी सोडा. तो काढायचं काम परवानगीने, खंदक खणून, वर ओला कागद आणि प्लास्टरचं वेष्टण चढवून, खालून पोखरून होतं. त्यासाठी दोन ओहोट्यांमधल्या वेळात काम करणारी सरावलेली टोळी लागते.

हाड ओलं आहे आणि शेलमध्ये आहे, तर ते घरी नेतानाही एक चूक सर्रास होते: गाडीत हीटरसमोर वाळवणं. शेल पाणी सोडताना आकसतो, थरांत फुटतो आणि हाड बरोबर घेऊन जातो. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि घरी गेल्यावर पिशवीचं तोंड रोज थोडं उघडत दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाळवा.

मीठ काढणं हे पुढचं काम. समुद्राचं मीठ सुकल्यावर आत स्फटिक बनतं आणि पृष्ठभाग उडवतं. चुनखडीतलं हाड, बेलेम्नाइट (माखळीच्या नातलगाचा बंदुकीच्या गोळीसारखा जीवाश्म), ग्रिफियाच्या (जाड, वाकड्या कालवाच्या) शिंपल्या साध्या पाण्यात आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. पुरे झालं की नाही हे ओळखायला शेवटच्या पाण्याचा एक थेंब काचेवर सुकवा आणि शेजारी नळाच्या ताज्या पाण्याचा थेंब. दोन्ही डाग सारखे दिसले की झालं. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांपैकी काहीही लावू नका. तांब्याची भांडी त्याने उजळतात, पण चुनखडीचा जीवाश्म त्यात विरघळतो. संग्रहालयात अॅसिडने दगड विरघळवून हाड मोकळं करतात ते अतिशय सौम्य द्रावणात, टप्प्याटप्प्याने, हाडाला संरक्षक लेप देत. घरात तो प्रयोग नको.

पायराइटच्या अमोनाइटची गोष्ट सगळ्यात जास्त निराश करणारी, म्हणून ती नीट समजून घ्या. पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधक. हवेतली आर्द्रता आणि प्राणवायू मिळाला की त्याचं लोहसल्फेट आणि गंधकाम्ल होतं. आधी पांढरट-पिवळट भुकटी दिसते, गंधकाचा उग्र वास येतो, मग भेगा, मग चुरा. आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की हे जोरात चालतं. म्हणून पायराइटच्या वस्तू पाण्यात आठवडे ठेवू नका. दोन-तीन वेळा पाणी बदलून एक-दोन दिवसांत काढा, मऊ ब्रशने चिखल काढा, उबदार कोरड्या जागी पूर्ण वाळवा. शेवटचं उरलेलं पाणी घालवायला अॅसिटोनमध्ये बुडवून काढतात. मग लेप: पॅरालॉइड बी-72 नावाच्या अॅक्रिलिक राळेचे दाणे, 5 ग्रॅम दर 100 मिलीलीटर अॅसिटोनला, काचेच्या झाकणबंद बरणीत रात्रभर विरघळू द्या. वस्तू त्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, काढून बटर पेपरवर सुकवा. वस्तूत ओल राहिली असेल तर लेप पांढुरका पडतो. तसं झालं तर अॅसिटोनने धुऊन पुन्हा वाळवा. खिडक्या उघड्या, हातात नायट्राइलचे मोजे, जवळपास गॅस पेटलेला नको, आणि मुलं त्या वेळी दुसऱ्या खोलीत. तुटलेलं हाड जोडायलाही हीच राळ घट्ट करून वापरा. झटपट चिकटणारा डिंक पुन्हा सोडवता येत नाही आणि चुकीचा जोड कायमचा होतो. लाकडावरचं वार्निश तर मुळीच नको.

लेपाने ओल थांबत नाही, उशीर होतो एवढंच. खरा उपाय कोरडी डबी. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत रंग बदलणारी सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 अंशांच्या आसपास दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. इंग्लंडातल्या गरम घरात उघड्या शेल्फवरही पायराइट काही वर्षं टिकतो. पण मुंबईला, रत्नागिरीला किंवा पणजीला आजी-आजोबांना भेट म्हणून नेणार असाल, तर पावसाळ्यातली हवा 80 टक्क्यांच्या वर ओली असते हे लक्षात घ्या. काचेच्या कपाटात ठेवलेला सोनेरी अमोनाइट तिथे एक-दोन पावसाळ्यांत पावडर होऊ शकतो. भेटीला बेलेम्नाइट किंवा ग्रिफिया न्या. ती कॅल्साइटची असतात, दमट हवेचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. विमानात हातोडा आणि छिन्नी हातातल्या सामानात जाणार नाही, ती चेक-इनमध्ये.

आता चिठ्ठी, म्हणजे वस्तू कुठे आणि कधी सापडली याची नोंद. हा भाग लोक सर्वांत आधी टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच आहे. लाइमची प्रसिद्ध जीवाश्मशोधक मेरी अॅनिंग, तिच्या भावाने 1811 मध्ये लाइममध्ये इक्थिओसॉरची कवटी शोधली आणि पुढच्या वर्षी मेरीने बाकीचा सांगाडा. तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. तो नमुना 23 पाउंडांना विकला गेला. सव्वा मीटरच्या आसपास लांबीची ती कवटी आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. 1823 मध्ये तिने पहिला पूर्ण प्लेसिओसॉर काढला. त्या काळातले असे कित्येक नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत, पण नेमक्या कुठल्या थरातून आले हे बऱ्याच जणांच्या बाबतीत लिहिलेलंच नाही. त्यामुळे कुठली जात आधी आली, कुठली नंतर, हे त्यांच्यावरून सांगता येत नाही. लाइममध्ये थर फार बारकाईने मोजलेले आहेत. खाणकामगारांनी दिलेली नावं, ग्रे लेज, टेबल लेज, मंग्रेल, आजही भूवैज्ञानिक वापरतात. प्रत्येक थराला क्रमांक आहे, आणि प्रत्येक पट्ट्याचा आपापला अमोनाइट. म्हणून सुट्या हाडाला चिकटलेला थोडा खडक मुद्दाम तसाच राहू द्या. त्यातला नखाएवढा अमोनाइट किंवा सूक्ष्मजीवाश्म पुढे त्या हाडाचं वय सांगू शकतो. घासूनपुसून चकचकीत केलेलं हाड दिसायला छान, पण मुकं.

चिठ्ठीवर लिहायचं ते असं: तारीख, ठिकाण (“चारमथ पश्चिम किनारा, नदीच्या तोंडापासून 600 मीटर पश्चिमेला” इतकं नेमकं), अक्षांश-रेखांश, सुटं की जागेवर, गोट्यांत की चिखलाच्या लोटात, कुणाला सापडलं. पेन्सिलने किंवा न पुसणाऱ्या शाईने. पायराइटशेजारी कागद उघडा ठेवला तर आम्लाने तोच खाल्ला जातो, म्हणून चिठ्ठी वेगळ्या छोट्या पिशवीत. वस्तूच्या न दिसणाऱ्या बाजूला लेपाचा एक ठिपका, त्यावर क्रमांक, आणि तोच क्रमांक वहीत. ही वही मुलांना लिहायला द्या. ती मोठ्यांपेक्षा काळजीने लिहितात.

गावातल्या दुकानांत विकत मिळणाऱ्या जीवाश्मांबद्दल: छोट्या, साफ केलेल्या अमोनाइटला हरकत नाही, पण जिथला आहे ते लिहून मागा. मादागास्कर आणि मोरोक्कोचा मालही याच दुकानांत असतो. अख्खा इक्थिओसॉर भिंतीवर टांगलेला विकत घेत असाल, तर डागडुजी किती हे विचारा. ही खोड जुनी आहे: 1834 मध्ये ब्रिटिश म्युझियमने थॉमस हॉकिन्स या जीवाश्म गोळा करणाऱ्याचा संग्रह घेतला तेव्हा एका इक्थिओसॉरचा बराच भाग प्लास्टरचा निघाला आणि प्रकरण संसदेपर्यंत गेलं. हाडाच्या पृष्ठभागावर भिंग फिरवा. जाळी एकाएकी नाहीशी होऊन गुळगुळीत रंग लागला, की तिथून पुढे ते हाड नाही.

भारतात आल्यावर हीच सवय चालवाल तर जपून. सह्याद्रीत हे मिळणार नाही: दख्खनचा बसाल्ट हा लाव्हा आहे, आणि तो इक्थिओसॉर नामशेष झाल्यानंतर अडीच-तीन कोटी वर्षांनी साचला. कच्छमध्ये मात्र ज्युरासिक समुद्राचा तळ उघडा आहे. लोडाई गावाजवळून निघालेल्या सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या इक्थिओसॉरचं वर्णन 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. भारतातला ज्युरासिक काळातला हा पहिला. तिथे समुद्राच्या लाटा रोज काही फोडत नाहीत, किनाऱ्यावर नोंद घेणारं केंद्र नाही, आणि लाइमसारखी मुभाही कुणी दिलेली नाही. कच्छच्या माळावर मणका दिसला तर जागेवरच राहू द्या, फोटो आणि अक्षांश-रेखांश घेऊन भुजच्या विद्यापीठातल्या भूविज्ञान विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला पाठवा.